उंदीर बरा झाला, पुढे काय?

‘उंदरांवरील प्रयोग यशस्वी; संधिवातावर नवे औषध’ अशा मथळ्याची बातमी अधूनमधून झळकते. ती वाचून एखादा रुग्ण चालू असलेली मेथोट्रेक्सेटची गोळी बंद करून नव्या औषधाची वाट पाहू लागला, तर मधल्या काळात सांध्यांची झीज थांबत नाही. म्हणूनच उंदीर काय सांगू शकतो आणि काय नाही, हे समजून घ्यायला हवे.

आमवातात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थरायटिसमध्ये, शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. अभ्यासासाठी असा आजार उंदरांत मुद्दाम घडवावा लागतो. १९८० पासून रूढ असलेल्या पद्धतीत सांध्यातील कूर्चेचे कोलॅजेन हे प्रथिन ठरावीक वाणाच्या उंदरांना टोचतात. काही आठवड्यांत त्यांचे पंजे सुजतात.

टीएनएफ हा दाह वाढवणारा रेणू रोखला की ही सूज उतरते, हे लंडनमध्ये मार्क फेल्डमन, रविंदर मैनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखवले. त्याच वर्षी रुग्णांवर चाचणी सुरू झाली. आज ही इंजेक्शने जगभर वापरली जातात.

प्रत्येक वेळी मात्र असे होत नाही. इंटरल्युकिन-१ रोखल्यावर उंदरांना चांगला गुण आला, माणसांना बेताचाच. प्रयोगातले उंदीर एकाच वाणाचे, स्वच्छ पिंजऱ्यात वाढलेले. त्यांचा आजार काही आठवड्यांचा. रुग्णाचे दुखणे वर्षानुवर्षांचे, जोडीला मधुमेह, तंबाखू किंवा शरीरात दबून राहिलेला क्षय.

क्षयाबाबत तर उंदरांनी आधीच इशारा दिला होता. टीएनएफ निकामी केलेले उंदीर क्षयाने लवकर मरतात, हे १९९५ मध्ये दिसले होते. पुढे २००१ मध्ये टीएनएफरोधक औषध घेतलेल्या ७० जणांना क्षय झाल्याच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. भारतात सुप्त क्षयाचे प्रमाण मोठे आहे. त्यामुळे असे इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी टाळता कामा नये.

उंदरांतले यश ही संशोधनाची पहिली पायरी. तिचे मोल मोठे, पण ते औषधाचे प्रिस्क्रिप्शन नव्हे. बातमी वाचताना प्रयोग कोणावर झाला, हे आधी पाहावे. आणि चालू गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.