इरावतीवरच्या तोफनौका आणि आपले मौन

म्यानमारच्या युद्धाची बातमी आपल्याकडे आलीच तर ती विमानहल्ल्याची असते. नदीवरच्या युद्धाबद्दल फारसे कुणी लिहीत नाही.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता बळकावली. त्यानंतरच्या लढाईत अनेक रस्ते आणि चौक्या प्रतिकार करणाऱ्या गटांच्या ताब्यात गेल्या. मग उत्तरेकडच्या छावण्यांना धान्य, इंधन, दारूगोळा पोहोचवायला इरावती नदीचाच मोठा आधार उरला. मालवाहू बोटी आणि सोबत नौदलाच्या लहान तोफनौका, असा ताफा मंडालेहून वर काथा, भामोच्या दिशेने जातो.

उथळ पाण्यात चालणे ही या नौकांची ताकद. पण पावसाळा सरला की नदी उतरते, वाळूचे पट्टे उघडे पडतात आणि खोल पाण्याची वाट अरुंद होते. कधी ती थेट काठाजवळून जाते. तिथून बंदुकीची गोळीही नौकेपर्यंत पोहोचते. आता तर ड्रोनही आले आहेत. या भीतीपोटी काठच्या गावांवर तोफा डागल्या जातात. त्या गावात लढणारे किती आणि शेतकरी किती, हे कोण मोजणार? नदीत मासेमारी करणाऱ्याची होडीही मग शत्रूची ठरते.

हे शस्त्र इरावतीला नवे नाही. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांचा वाफेच्या बोटींचा ताफा याच नदीतून वर चढला आणि दोन आठवड्यांत मंडाले पडले. थिबा राजाला कैद करून पुढे रत्नागिरीत ठेवले. १९१६ मध्ये तो तिथेच वारला. थिबा पॅलेस पाहायला जाणाऱ्या किती जणांना या बोटी माहीत असतात, कोण जाणे!

राखाइनमध्ये मात्र नौदलाला जबर फटका बसला. पौक्तॉ शहरावर नौदलाने तोफा डागल्या, तरी जानेवारी २०२४ मध्ये ते अराकान आर्मीने घेतले. पुढच्याच महिन्यात म्रौक-ऊ, मिन्ब्या भागात नौदलाच्या नौका बुडवल्याचेही तिने जाहीर केले. इथे मारणारे बहुसंख्य बौद्ध, मरणारेही अनेक बौद्ध. आणि याच भूमीतून २०१७ मध्ये सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना पळावे लागले. २०२४ मध्ये बुथिदौंगला रोहिंग्यांची घरे जाळल्याचा आरोप अराकान आर्मीवरही झाला. ती तो नाकारते. बाबासाहेब १९५४ साली जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते, हे आपण अभिमानाने सांगतो. पण 'बौद्ध राष्ट्र' म्हटले की त्या राष्ट्राच्या सैन्याला प्रश्नच विचारायचे नाहीत, हे कुठून आले?

प्रश्न दिल्लीलाही आहे. २०२० मध्ये भारताने आयएनएस सिंधुवीर ही पाणबुडी याच नौदलाला दिली. कलादान नदीवरच्या आपल्या वाहतूक प्रकल्पातले पलेत्वा जानेवारी २०२४ पासून अराकान आर्मीकडे आहे. तेव्हा आता आपले सरकार तिथे कुणाशी बोलते आहे, आणि त्या नौदलाला अजून काय देते आहे, हे आपल्या खासदारांनी संसदेत विचारायला हवे.