पोर सांभाळायचे पैसे?

परक्याचे मूल घरी आणून वाढवणाऱ्या दांपत्याविषयी चारचौघांत बोलणे निघाले, की आरंभी कौतुकाचे शब्द उमटतात. मग कोणीतरी हळूच म्हणते, “सरकार पैसे देते म्हणे त्यांना!” आणि कौतुकाचा रंग तत्क्षणी उतरतो. या एका वाक्यामागे दडलेल्या वृत्तीचा समाचार घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हे पैसे आहेत तरी किती? निराधार वा संकटग्रस्त बालकाला संस्थेऐवजी कुटुंबात वाढवण्यासाठी महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. तिच्यात एकेकाळी दरमहा ४२५ रुपये मिळत. पुढे १,१०० झाले आणि २०२३ पासून २,२५०. म्हणजे दिवसाला ७५ रुपये. दूध, वह्या, चपला, ताप आला तर डॉक्टर, सारे त्यातच बसवायचे. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’मध्ये प्रतिपालक कुटुंबासाठी बालकामागे दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. ज्यांना एवढ्यात नफा दिसतो, त्यांनी आपल्याच घरची वाण्याची यादी शाळेच्या फीच्या पावतीशेजारी ठेवून पाहावी.

आणि ही रक्कम पालकांचा मेहनताना नव्हेच. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ प्रमाणे प्रतिपालकत्वासाठी दरमहा निधी देणे हे राज्य शासनाचे कर्तव्य आहे. बदल्यात त्या कुटुंबाने मुलाचे शिक्षण, आरोग्य आणि आहार यांची जबाबदारी घ्यायची आणि बाल कल्याण समितीने दर महिन्याला पाहणी करायची. दरमहा घराची तपासणी! जन्मदात्यांपैकी किती जणांनी ती सोसली असती?

दत्तक घेतलेले मूल कायद्याने आपले होते. नाव लावते, वारसा घेते. प्रतिपालकांच्या पदरी यातले काहीच नाही. त्यांच्याकडे येते ते बहुधा संस्थेत वाढलेले, सहा वर्षे ओलांडलेले, दत्तकासाठी कोणी न निवडलेले मूल. ते रात्री दचकून उठते, ताटातली पोळी उशीखाली लपवते. त्याला माणसांत आणायला वर्ष जाते. एवढे करून त्याच्या घरची परिस्थिती सुधारली, तर त्याची पिशवी भरून, निरोप देऊन मोकळे व्हायचे. मूल आपले राहील याची हमी नसताना त्याला आपले मानायचे, याहून अवघड वात्सल्य आम्हांला ठाऊक नाही.

“प्रेम असेल तर पैसे कशाला?” असे विचारणाऱ्यांना आमचा उलट प्रश्न आहे. बालगृहाला शासनाकडून रक्कम मिळाली तर तिला आपण ‘अनुदान’ म्हणतो. घराला मिळाली की तिचे ‘पैसे’ का होतात? पगार घेणाऱ्या शिक्षकाची तळमळ आपण खोटी मानतो काय? पैशांसाठी किंवा घरकामाला फुकटचे हात मिळावेत म्हणून मूल आणणारा एखादा निघेलही. त्याला पकडण्यासाठीच पाहणी आहे. त्याच्या भयाने मदत आखडली, तर परक्याचे मूल वाढवणे ही श्रीमंतांचीच मिरास होईल.

२०२४ च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनी ३५ ते ६० वयाच्या अविवाहित, विधवा, विधुर आणि घटस्फोटित व्यक्तींनाही हे दार उघडले. दोन वर्षे सांभाळल्यावर दत्तकाचा अर्ज करता येतो. पूर्वी पाच वर्षे थांबावे लागे. या दोन्ही गोष्टींचे आम्ही स्वागत करतो. पण एकट्या कमाईवर घर चालवणाऱ्या बाईसमोर दार उघडायचे आणि रक्कम मात्र महागाईच्या मागे रखडत ठेवायची, याला औदार्य म्हणता येत नाही. ही रक्कम दरवर्षी महागाईप्रमाणे वाढावी आणि महिन्याच्या ठरल्या तारखेला हाती पडावी. पाहणीस येणाऱ्याने वहीत खुणा करून न जाता, दचकून उठणाऱ्या मुलाचे काय करायचे, तेही सांगावे.

वाचकांपैकी कोणाच्या शेजारी असे घर असेल, तर त्या माउलीने अर्ज केला आहे का, एवढे विचारावे. चौकशी जिल्हा बाल संरक्षण कक्षात होते. कागदपत्रांची यादी लांब असते आणि खेटे एकटीने घालणे जड जाते. कोणीतरी सोबत जावे.