सोफा कुणासाठी?



नातीचं लग्न ठरलंय, रिसेप्शन इथंच झरीला. काल बसण्याच्या व्यवस्थेवरून माझा मुलाशी खटका उडाला. पुढचे बारा सोफे म्हणे पुढाऱ्यांसाठी, सुतळी बांधून राखायचे!

गेल्या वर्षी एका लग्नात हेच पाहिलं. सोफे दोन तास रिकामे. माझी ऐंशीची आक्का, नवरीची सख्खी आजी, मागं जनरेटरजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर. साहेब आले, माईकवर नाव पुकारलं, शाल-फेटा घेतला, दहा मिनिटांत गेले. नातीवर पडलेल्या अक्षता काही आक्काला दिसल्या नाहीत.

२५ डिसेंबर १८७३ ला पुण्यात जोतीरावांच्या सत्यशोधक समाजानं भटजीशिवाय पहिलं लग्न लावलं. मध्यस्थ उठवला. आपण त्या जागी पुढारी आणून बसवला! माझ्या लहानपणी पंगती जातवार बसायच्या. त्या मोडल्याचं कौतुक आपण भाषणात सांगतो, अन् मांडवात नवी उतरंड रचतो.

मुलगा म्हणतो, "अण्णा, त्यांच्याकडं कामं पडतात." पडतात ना! मग कामाच्या दिवशी त्यांच्या दारी जावं. लग्नात ते पाहुणे, बाकीच्या पाहुण्यांसारखेच.

माझं म्हणणं साधं आहे. पुढच्या दोन रांगा म्हाताऱ्यांना, अपंगांना, लेकुरवाळ्यांना. कूलरही त्यांच्याच बाजूला. परभणीचं उन्हाळ्याचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. बाकी जो येईल तो मिळेल तिथं बसेल.

सुतळी बांधलीच, तर मी सोडणार आणि पहिल्या सोफ्यावर आक्काला बसवणार. नातेवाईकहो, वाचताय ना? त्या दिवशी माझ्या बाजूनं उभं राहा.