शिंपल्यांच्या खिडक्या उखडू नका

जुन्या घरांच्या डागडुजीच्या नावाखाली गोव्यात आज जे चालले आहे, त्यास आम्ही डागडुजी म्हणावयास तयार नाही. शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी उखडून तिच्या जागी अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी बसवावयाची, ही सुधारणा कसली? दोन झडपांच्या सरकत्या खिडकीचा अर्धा भाग सदैव बंद. पैसे मात्र पुरे! काचेतून ऊन थेट डोळ्यांवर येते. शिंपला तेच ऊन दुधासारखे मऊ करून घरात घेतो.

‘दुरुस्त करणारा मिळत नाही’ ही सबब आम्हांस मान्य नाही. चौकोनी कापलेले शिंपले लाकडी पट्ट्यांच्या खाचांत नुसते सरकवलेले असतात. एखादा फुटल्यास पट्टी अलगद सैल करावी, तुकडे काढावे, दुसरा सरकवावा. हे काम घरधनी स्वतःही करू शकेल. कुजते ते बहुधा झडपेचे खालचे लाकूड, कारण पावसाचे पाणी तेथे मुरते. तेवढेच बदलावे, आणि तेही चवथीच्या रंगरंगोटीपर्यंत न थांबता वैशाखात, लाकूड सुके असताना.

मग शिंपले कोठून आणावयाचे? झुआरीकाठी चिखलीच्या खाडीत ते अद्याप आढळतात. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यांना आज अभय आहे, आणि ते योग्यच. तेव्हा पडक्या घराची तावदाने भंगारात घालणारा गृहस्थ शेजाऱ्याच्या खिडकीचे औषधच फेकून देतो. देवस्थानांच्या महाजनांनी अग्रशाळेचा एखादा कोपरा अशा जुन्या तावदानांसाठी राखावा आणि गरजूंस ती विनामूल्य द्यावी, अशी आमची मागणी आहे.