ग्रामपंचायतीत निम्म्या, बाजार समितीत दोनच! नेमणुकीच्या यादीत बायकांची नावं का येत नाहीत?

गावात सरपंच बाई, पंचायत समितीत सभापती बाई, हे चित्र आता नवं राहिलेलं नाही. पण तालुक्याच्या बाजार समितीत, जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत किंवा एखाद्या महामंडळाच्या संचालक मंडळात डोकावलं, तर खुर्च्यांवर पुरुषच पुरुष. जिथे मतदान आणि आरक्षण आहे तिथे बाई पोहोचली. जिथे नाव मंत्रालयातून किंवा पालकमंत्र्यांच्या शिफारशीने येतं, तिथे मात्र ती अजून दाराबाहेरच आहे.

कायदा आहे तिथे जागा आहे

७३वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली आणि पंचायतींत महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण ५० टक्के केलं. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. म्हणजे प्रत्येक पंचवार्षिकला हजारो बायका कारभारात येतात. शाळा व्यवस्थापन समितीत शिक्षण हक्क कायद्याने निम्म्या महिला लागतात. वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश महिला हव्यात, असा नियम आहे.

आता बाजार समिती बघा. निवडून आलेले संचालक १८. त्यात सोसायटी मतदारसंघाचे ११, ग्रामपंचायतीचे ४, व्यापारी-अडत्यांचे २ आणि हमाल-मापाड्यांचा १. या १८ मध्ये महिलांसाठी राखीव जागा फक्त २. बाकीच्या जागांवर बाईला उभं राहायला बंदी नाही, पण पॅनेल ठरवताना नेते "बायकांच्या दोन जागा भरल्या" म्हणून मोकळे होतात. जी किमान संख्या होती, तीच कमाल होऊन बसली.

खरी अडचण सातबाऱ्यावर

सोसायटी मतदारसंघात मत देतात ते विविध कार्यकारी सोसायट्यांचे संचालक. सोसायटीचा सभासद व्हायला जमीन नावावर लागते. शेतात खुरपणी, वेचणी, काढणी बाई करते, पण सातबारा बहुतेक ठिकाणी नवऱ्याच्या, सासऱ्याच्या नाहीतर दिराच्या नावावर. नाव नाही म्हणून सभासदत्व नाही, सभासदत्व नाही म्हणून संचालकपद नाही, आणि मग बाजार समितीचं मतही नाही. पत्नीचं नाव सातबाऱ्यावर लावण्यासाठी १९९२ मध्ये लक्ष्मी मुक्ती योजना आली. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क मिळाला. तरी हक्कसोड पत्रावर बहिणींच्या सह्या घेणं गावोगाव चालूच आहे.

नेमणुकीला ना अर्ज, ना जाहिरात

निवडणुकीत निदान उमेदवारी अर्ज भरता येतो. महामंडळं आणि शासकीय समित्यांवरच्या अशासकीय नेमणुकांत तेही नाही. बहुतेक वेळा जाहिरात निघत नाही, निकष कोणाला माहीत नसतात, एके दिवशी यादीच बाहेर येते. तिकीट कापलेले, नाराज असलेले किंवा निवडणुकीत खर्च केलेले कार्यकर्ते सांभाळायची ही जागा समजली जाते. ते कार्यकर्ते बहुतेक पुरुष, म्हणून यादीही पुरुषांची.

जिल्हा नियोजन समितीवर जिल्हा परिषदेतून सदस्य निवडून जातात. परिषदेतच निम्म्या महिला असल्याने त्यांनाही तिथे वाट मिळायची. पण २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, प्रशासक आले आणि निवडणुका लांबल्या. त्या काळात ही वाट बंद पडली. बैठकीत उरले पालकमंत्री, आमदार, खासदार, अधिकारी आणि नेमलेले सदस्य. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत २८८ पैकी फक्त २१ महिला निवडून आल्या. मग त्या टेबलावर बाईचा आवाज कुठून येणार?

याने गावाला काय फरक पडतो?

फरक पैशाचा आहे. अंगणवाडीची इमारत, आरोग्य उपकेंद्र, शाळेतलं मुलींचं स्वच्छतागृह, पाण्याची योजना यांचा निधी जिल्हा नियोजनातून ठरतो. बाजार आवारात पहाटे भाजी घेऊन येणाऱ्या बाईला स्वच्छतागृह, उजेड आणि बसायला सावली मिळेल का, हे बाजार समिती ठरवते. संजय गांधी निराधार योजनेत विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित महिला मोठ्या संख्येने येतात. त्यांचे अर्ज पाहणाऱ्या तालुका समितीत बायका किती, हा प्रश्न म्हणूनच साधा नाही. नवऱ्याने टाकलं, हे पुरुषांनी भरलेल्या खोलीत सिद्ध करायला लावणं किती जड जातं, ते त्या बाईलाच ठाऊक.

दुसऱ्या राज्याने करून दाखवलं

"लायक बायका मिळत नाहीत" हे नेहमीचं उत्तर. आंध्र प्रदेशने २०१९ मध्ये नेमणुकीच्या पदांवर महिलांना ५० टक्के जागा देणारा कायदा केला. २०२१ मध्ये तिथल्या सरकारने १३५ पदांची यादी काढली, त्यात ६८ महिला होत्या. कायदा आला आणि बायका सापडल्या! महाराष्ट्रात तर तीस वर्षांत पंचायत राजमधून तयार झालेल्या माजी सरपंच, सभापती, जिल्हा परिषद सदस्य आहेत. बचत गटांचे हिशेब चोख ठेवणाऱ्या बायका गावोगाव आहेत. १९७५ पासून महिला आर्थिक विकास महामंडळ याच कामात आहे. कमी आहे ती शोधायची इच्छा.

एक आक्षेप मात्र खरा आहे. बाईचं नाव आणि कारभार नवऱ्याचा, हा "सरपंच पती" प्रकार समित्यांतही येऊ शकतो. पण म्हणून जागाच द्यायची नाही, हा उपाय नव्हे. जाहिरात काढा, अर्ज मागवा, निकष लावा, बैठकीची हजेरी आणि इतिवृत्त जाहीर करा. सही कोणाची आणि बोललं कोण, ते आपोआप कळेल. पुरुष सदस्यांनाही हाच नियम लावला, तर कितीतरी खुर्च्या रिकाम्याच असतात, हेही लोकांना दिसेल.

गावकरी काय करू शकतात?

● तालुक्यातल्या शासकीय समित्यांवर कोण कोण आहेत, त्यात महिला किती, बैठका किती झाल्या, हे माहिती अधिकारात विचारा. साध्या कागदावर अर्ज, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर.

● ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे. त्या सभेत ठराव करा आणि तो तहसीलदार व पालकमंत्र्यांकडे पाठवा.

● घरच्या सातबाऱ्यावर बाईचं नाव लावा आणि तिला सोसायटीची सभासद करा. बाजार समितीच्या खुर्चीकडे जाणारा रस्ता तलाठ्याच्या दप्तरातून जातो.

मतं मागायला येणारा प्रत्येक नेता "लाडक्या बहिणी"चं नाव घेतो. पुढच्या वेळी त्याला एवढंच विचारा: साहेब, नेमणुकीच्या यादीत बहिणी किती?