टेकू काढण्याची घाई

डिसेंबर २०२३मध्ये न्यूझीलंडमधल्या मोटारविक्रेत्यांकडे विजेवर चालणाऱ्या गाड्यांसाठी झुंबड उडाली होती. महिनाअखेरीस गिऱ्हाइकाला मिळणारी सरकारी सवलत संपणार होती. नव्या सरकारने ३१ डिसेंबरला ती बंद केली. त्यानंतर तीनच महिन्यांनी, १ एप्रिल २०२४पासून, याच गाड्यांना दर हजार किलोमीटरमागे ७६ डॉलर रस्तावापर शुल्क लागू झाले. हे शुल्क त्यांना २००९पासून माफ होते. नव्या वर्षात विक्री कोसळली. आणि ज्या नॅशनल पक्षाच्या नेतृत्वाखाली हे सरकार आले, त्यानेच निवडणुकीत वचन दिले होते, की २०३०पर्यंत देशभर दहा हजार सार्वजनिक चार्जिंग पॉइंट उभे करू.

चार्जर वाढवायचे आणि ते वापरणाऱ्या गाड्या मात्र वाढू द्यायच्या नाहीत, अशी ही रचना झाली आहे. ती कोणी जाणूनबुजून केली असे आम्ही म्हणत नाही. पण जो उद्योजक महामार्गावर वेगवान चार्जर बसवायला पैसे घालतो, त्याचा हिशेब दहा-बारा वर्षांचा असतो, आणि त्या हिशेबात पहिला आकडा गाड्यांचाच असतो. न्यूझीलंडच्या संसदेची मुदत तीन वर्षांची आहे. दर तीन वर्षांनी धोरण उलटे होणार असेल, तर त्या माणसाने कोणता आकडा धरायचा?

सवलतीवरचे आक्षेप खोटे नव्हते, हे आधी मान्य केले पाहिजे. मजूर पक्षाच्या सरकारने जुलै २०२१मध्ये ती सुरू केली. नव्या विद्युत मोटारीला साडेआठ हजार डॉलरहून अधिक रक्कम परत मिळे. एप्रिल २०२२पासून जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवर अधिभार बसला आणि त्यातून या परताव्याचा खर्च भागवावा, असे ठरले. ऐंशी हजार डॉलरपर्यंतची गाडी सवलतीला पात्र असल्याने पहिला लाभ चांगल्या कमाईच्या घरांना झाला. अधिभार बसला तो शेतकऱ्याच्या आणि सुताराच्या मागे हौदा असलेल्या गाडीवर. त्यांना विजेवर चालणारी तशी गाडी बाजारात घ्यायला मिळतच नव्हती. ज्याला पर्याय नाही त्याच्याकडून दंड घ्यायचा, हे गावाकडच्या माणसाला लागले. जुलै २०२१मध्ये शहराशहरांतून ट्रॅक्टरचे मोर्चे निघाले, त्यामागच्या रागात हेही एक कारण होते. त्या रागाची दखल घेऊन अधिभारात सूट देता आली असती, परताव्याची रक्कम दरवर्षी थोडी थोडी कमी करता आली असती. नव्या सरकारने सगळेच एका तारखेला संपवले.

शुल्काचेही तसेच. विजेची गाडी रस्ता झिजवते, मग रस्त्याचा खर्च तिच्या मालकाने का देऊ नये? द्यावाच. पण किती आणि केव्हा, हा प्रश्न उरतो. पेट्रोलच्या गाडीचा मालक हा खर्च पेट्रोलवरच्या करातून देतो. तो लिटरमागे सत्तर सेंट आहे. शंभर किलोमीटरला चार लिटर पेट्रोल पिणारी हायब्रीड गाडी हजार किलोमीटरमागे चाळीस लिटर जाळते, म्हणजे वस्तुसेवा कर धरून सुमारे ३२ डॉलर भरते. धूर न सोडणारी गाडी तेवढ्याच अंतराला ७६ डॉलर भरते. दुपटीहून जास्त. पुढे पेट्रोलवरचा कर काढून सगळ्याच मोटारींना हे किलोमीटरचे शुल्क लावायचे, असेही सरकारने ठरवले आहे. ते झाले की ही तफावत मिटेल. मग विजेच्या गाड्यांवरचे शुल्क तोवर थांबवता आले नसते का? सगळ्यांना एका दिवशी एका रांगेत उभे केले असते तर तक्रारीला जागा राहिली नसती. आता मधली काही वर्षे या गाडीवाल्याने इतरांपेक्षा अधिक भरायचे, आणि याच वर्षांत गाडी घ्यावी की न घ्यावी हे लाखो घरांत ठरायचे आहे. नोव्हेंबर २०२५मध्ये जास्त धूर सोडणाऱ्या गाड्या आणणाऱ्या आयातदारांवरचा दंडही सरकारने जवळजवळ ऐंशी टक्क्यांनी कमी केला. या देशात मोटारी तयार होत नाहीत. जोडणीचे शेवटचे कारखानेही १९९८मध्ये बंद झाले. त्यामुळे बंदरावर कोणती गाडी उतरते यावरच पुढच्या पंधरा वर्षांत रस्त्यावर काय धावणार हे ठरते.

आता चार्जरकडे वळू. प्रचारात आकडा होता चार वर्षांत २५ कोटी ७० लाख डॉलरचा. २०२५मध्ये प्रत्यक्ष योजना आली ती ६ कोटी ८५ लाख डॉलरपर्यंतच्या बिनव्याजी कर्जाची. अनुदानाऐवजी कर्ज देणे आम्हाला चुकीचे वाटत नाही. पैसा परत येतो, पुन्हा फिरवता येतो, आणि कंपनीलाही जागा विचारपूर्वक निवडावी लागते. पण कर्ज फेडायचे असल्याने कंपनी जागा निवडणार ती वर्दळीची. ऑकलंड ते हॅमिल्टनच्या वाटेवर आणखी चार्जर येतील, आणि आलेच पाहिजेत, कारण या देशात ऐंशीहून अधिक विद्युत गाड्यांमागे एक सार्वजनिक चार्जर असे आजचे प्रमाण आहे. दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर फॉक्स ग्लेशियरपासून हास्टपर्यंत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास तुरळक वस्ती आणि जंगल आहे. तिथला चार्जर कोणत्याही हिशेबाने नफ्यात येणार नाही. आणि प्रवासी मात्र शहरातल्या त्याच्या गाडीबद्दलचा निर्णय अशाच रस्त्याकडे बघून घेतो. वर्षातून एकदा मुलांना घेऊन ज्या वाटेने जायचे, तिथे अडकणार तर नाही ना, हाच त्याचा प्रश्न असतो. जपानहून आलेली जुनी निसान लीफ घेतलेल्या कुटुंबाला हा प्रश्न अधिक टोचतो, कारण तिची बॅटरी आधीच थकलेली असते. या देशात विजेची गाडी सामान्य माणसाच्या दारात आणली ती याच जुन्या लीफने. अशा रस्त्यांसाठी सरळ अनुदान लागेल. डोंगरातल्या वाडीपर्यंत एसटी नेताना तिकिटाच्या पैशातून खर्च निघतो का, असे आपण विचारत नाही, तसेच हे आहे.

दुसरी अडचण वीजजोडणीची. न्यूझीलंडमध्ये वीज घरापर्यंत नेणाऱ्या वितरण कंपन्या २९ आहेत. पन्नास लाखांच्या थोड्याच वर लोकवस्तीच्या देशात एकोणतीस! महाराष्ट्रात मुंबईचा बराचसा भाग सोडला तर सर्वत्र महावितरणशी गाठ पडते. न्यूझीलंडमध्ये मात्र चार्जर बसवणाऱ्याला प्रत्येक जिल्ह्यात नव्या कंपनीचा नवा अर्ज, नवा दर आणि नवी मुदत यांना सामोरे जावे लागते. वेगवान चार्जरला मोठा भार लागतो, कुठे रोहित्र बदलावे लागते, आणि तो सगळा खर्च पहिल्या अर्जदाराच्या माथी मारला तर जागा चांगली असूनही प्रकल्प मोडतो. वीज नियामकाने या जोडणीशुल्कात हात घातला आहे, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. उद्घाटनाच्या फिती कापण्यासारखे त्यात काही नाही, म्हणून त्याकडे लक्ष कमी जाते. कर्जाच्या घोषणेपेक्षा या कामाचा उपयोग अधिक होईल असे आम्हाला वाटते.

आणि सर्वांत कमी बोलले जाते ते भाडेकऱ्यांबद्दल. ज्याचे स्वतःचे घर आणि गॅरेज आहे तो रात्रीच्या स्वस्त दराने गाडी भरतो आणि सकाळी निघतो. ऑकलंडमध्ये गेल्या काही वर्षांत एकाला एक चिकटून असलेली उंच, अरुंद घरे भराभर उभी राहिली. घरामागे पार्किंग असलेच पाहिजे ही अट केंद्र सरकारच्या २०२०च्या धोरणाने मोठ्या शहरांतून गेली. घरे वाढावीत म्हणून ते योग्यच होते, पण अशा घरातल्या माणसाची गाडी रस्त्यावर उभी असते आणि पदपथावरून वायर टाकता येत नाही. नोकरीसाठी नव्याने गेलेली मराठी कुटुंबे पहिली काही वर्षे अशाच भाड्याच्या घरांत काढतात. त्यांना सार्वजनिक चार्जरचा दर परवडवून घ्यावा लागतो आणि तो घरातल्या रात्रीच्या दराच्या कित्येक पट असतो. ज्याच्याकडे कमी आहे त्याने अधिक द्यायचे. म्हणून चार्जर महामार्गावर हवेतच, पण वस्तीतल्या विजेच्या खांबाला जोडलेले, रात्रभर सावकाश भरणारे साधे चार्जर त्याहून जास्त हवेत. मोजताना तेही मोजले जावेत, कारण दहा हजारांचा आकडा महामार्गावरच भरून निघाला तर या माणसाच्या वाट्याला काहीच येणार नाही.

इतके कळवळून लिहायचे कारण असे, की जगात फार थोड्या देशांना ही संधी इतकी सहज मिळालेली आहे. न्यूझीलंडची वीज बहुतांशी पाण्यातून, भूगर्भातल्या वाफेतून आणि वाऱ्यातून येते. एकूण विजेत अशा विजेचा वाटा ८५ टक्क्यांच्या आसपास आहे. आपल्याकडे विजेची गाडी भरली तरी मागे कोळसा जळतो, हा आक्षेप अजून पूर्ण खोडता येत नाही. तिथे तो जवळजवळ लागूच होत नाही. उलट तेलाच्या बाबतीत हा देश पूर्ण परावलंबी आहे. मार्सडन पॉइंट हा त्यांचा एकमेव तेलशुद्धीकरण कारखाना २०२२मध्ये बंद झाला, तेव्हापासून पेट्रोलचा आणि डिझेलचा थेंबन् थेंब तयार स्वरूपात जहाजाने येतो. घरची वीज असताना परक्याचे तेल जाळत राहणे त्या देशाला परवडणारे नाही.

आणि घाईने टेकू काढल्याचे फळ या देशाने आधीच चाखले आहे. वेलिंग्टनच्या चढ-उताराच्या रस्त्यांवर विजेच्या तारांखालून ट्रॉलीबस धावत. ३१ ऑक्टोबर २०१७ला ती सेवा बंद करून तारा उतरवल्या गेल्या. त्या बसगाड्यांचे रूपांतर करण्याची योजना तडीस गेली नाही, रस्त्यांवर डिझेल बस आल्या, आणि आता त्याच शहरात बॅटरीच्या बस विकत घेतल्या जात आहेत. मुंबईनेही हे केले आहे. १९६४मध्ये ट्राम गेली, १९६२मध्ये आलेली बेस्टची ट्रॉलीबस १९७१मध्ये गेली, आणि आज बेस्ट विजेच्या बस भाड्याने घेत आहे.

म्हणून ही दूर देशाची बातमी म्हणून बाजूला ठेवू नये. मार्च २०२५च्या अर्थसंकल्पात महाराष्ट्र सरकारने तीस लाखांवरच्या विद्युत मोटारींवर सहा टक्के कर सुचवला आणि त्याच महिन्यात मुख्यमंत्र्यांनी तो मागे घेत असल्याचे विधिमंडळात सांगितले. पुढे नव्या धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर या गाड्यांना टोलमाफी जाहीर झाली. तरीही अनेकांच्या फास्टॅगमधून पैसे वळते होत राहिले, आणि डिसेंबरमध्ये विधानसभेच्या अध्यक्षांना माफी अमलात आणा व घेतलेले पैसे परत करा, असे निर्देश सरकारला द्यावे लागले. समृद्धीवर गाडी घालणाऱ्या कुटुंबाला धोरणाची पुस्तिका दिसत नाही. त्याला मोबाइलवर आलेला टोल कापल्याचा संदेश दिसतो, आणि पुढची गाडी कोणती घ्यायची हे ते त्यावरून ठरवते.

वेलिंग्टनमधल्या सरकारने आता एवढे करावे: किलोमीटरचे शुल्क पेट्रोलगाड्यांना ज्या दिवशी लागू होईल त्या दिवसापर्यंत विद्युत गाडीचे शुल्क हायब्रीडच्या बरोबरीला आणावे, आणि २०३५पर्यंत दरवर्षी ते किती असेल याचा तक्ता विरोधी पक्षाला सोबत घेऊन कायद्यात लिहून टाकावा.