पदकाचं वजन

"काका, पणजोबांचं पदक मोडीत घालू का? सराफाने वजन करून भाव सांगितलाय." पुतण्या विचारत होता. मी चिडलोच! अरे, आधी त्याची कड भिंगाखाली धर. एका बाजूला घोडेस्वार आणि १९१४, १९१८ हे आकडे आहेत ना? मग कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण सापडेल. सापडली: १०३ मराठा. ही पलटण कूतच्या वेढ्यात होती. २९ एप्रिल १९१६ला उपाशी फौज शरण गेली. राज्य इंग्रजांचं होतं, कबूल. पण भूक आपल्या माणसाची होती. चांदीचा भाव रोज पेपरात येतो, आजोबांचं नाव त्या कडेशिवाय कुठेच नाही. मंडळी, अशी पदकं विकू नका. चिंचेने घासूही नका, अक्षरं झिजतात.